निळी पाटी

मागच्या मार्चमध्ये गॅरेजमध्ये गाडीखाली उताणा पडलो होतो, हातात मुलीच्या खेळण्यातलं एक मॅग्नेट होतं. फ्रिजवर चिकटवायचं लाल प्लॅस्टिकचं अक्षर. पत्रा कुठे खरा आहे आणि कुठे नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारलाय हे ओळखायची यापेक्षा सोपी युक्ती मला अजून सापडलेली नाही. लोखंड असेल तर मॅग्नेट धरतं, लांबी असेल तर घसरतं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या भागाशी आलो आणि मॅग्नेट गळून थेट माझ्या गालावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. लांबी असेल म्हणून वाजवून बघितलं, तर आवाज धातूचाच आला. मग उठलो, गालिचा उचकटला, डांबरासारखा काळा थर हीट गनने मऊ करून सोलायला लागलो आणि खालून एक निळा कोपरा दिसला. निळ्यावर उठावदार पांढरी अक्षरं. मिशिगनच्या गाडीची नंबरप्लेट होती ती, खाली ‘ग्रेट लेक्स’ लिहिलेली. कुणीतरी ती सडलेल्या भोकावर ठेवून, कडेने रिवेट मारून, वरून डांबर फासून तळ बुजवला होता.

मला राग आला. मनापासून आला. इतक्या देखण्या गाडीच्या पोटात कुणी पाटी ठोकतं? ती ॲल्युमिनियमची, म्हणून तर मॅग्नेट धरत नव्हतं. तिच्या कडा पांढऱ्या भुकटीसारख्या झाल्या होत्या, आणि पाटी व तळ यांच्या फटीत वर्षानुवर्षं पाणी साचून मूळचं वीतभर भोक आता हातभर झालं होतं. रिवेट एकेक करून ड्रिलने उडवले, पाटी ओढून काढली आणि भंगाराच्या डब्यात भिरकावली. ती पडल्याचा आवाज बराच वेळ गॅरेजमध्ये घुमला. तेव्हा त्या आवाजाने बरं वाटलं होतं.

रात्री गुहागरला फोन लावला. तिकडे सकाळ. अण्णा ओटीवर बसलेले असतात त्या वेळी. म्हणाले, “यंदा आगोटीची कामं लवकर उरकतोय. माजघराचे गज रंगवून झाले.” मी सवयीने विचारलं, “आधी खरवडले ना नीट?” जरा थांबून म्हणाले, “खरवडायला हातात जोर कुठाय रे आता. वरून हात मारला. एवढा पावसाळा काढतील.”

फोन ठेवला आणि ती निळी पाटी डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळी उठून डबा बघायला गेलो. सोमवार होता, कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. पाटीवरचा नंबर मला आठवत नाही. आठवायला हवा होता असं तेव्हापासून फार वाटतं. आठवतात ते रिवेट. चौदा होते. आणि आता विचार करतो तेव्हा लक्षात येतं की ते सगळे सारख्या अंतरावर होते. अंगठ्याच्या दोन पेरांइतकं अंतर, चारही बाजूंनी. निष्काळजी माणूस असे रिवेट मारत नाही.

ही गाडी माझ्याकडे कशी आली ते थोडक्यात सांगतो. १९६७ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप. जाणकार मंडळी हिला मसल कार म्हणायचं की पोनी कार यावर तासन्‌तास वाद घालतात. माझ्यापुरतं म्हणाल तर आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झाल्यावर छातीच्या पिंजऱ्यात जे काही होतं, त्यानंतर मला नावाशी देणंघेणं उरलं नाही. चॅसी नंबर ‘७’ने सुरू होतो, म्हणजे १९६७. पुढचा ‘एफ’ म्हणजे डिअरबॉर्न कारखाना, ‘०१’ म्हणजे हार्डटॉप आणि ‘सी’ म्हणजे २८९ घनइंचांचं दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं इंजिन. त्या वर्षी चार लाख बहात्तर हजारांच्या वर मस्टँग बनल्या, तेव्हा ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. पण त्यातला ‘एफ’ मला गुंतवून गेला. मिशिगनमधल्या आमच्या नोव्ही गावापासून रूज नदीकाठचा तो कारखाना अर्ध्या-पाऊण तासावर. एकेकाळी तिथे बोटीने लोखंडाचा दगड यायचा आणि दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर पडायची. पोलादसुद्धा त्याच आवारात ओतलं जायचं. २००४च्या मे महिन्यात तिथली शेवटची मस्टँग निघाली आणि काम फ्लॅट रॉकच्या कारखान्यात गेलं. मी याच धंद्यात बावीस वर्षं नोकरी करतो, पण संगणकाच्या पडद्यावर. माझ्या हाताला कधी काळं लागत नाही. म्हणून असेल, रंग उडालेली, चाकं बसलेली ती गाडी एका धान्याच्या कोठारात बघितली तेव्हा नाही म्हणता आलं नाही.

ती गंजली मात्र कशाने, हे कळायला पहिला हिवाळा गेला. तळ सडला की माणसाला वाटतं, पाणी खालून आलं. शेजारचे आजोबा, आयुष्यभर असेंब्ली लाइनवर काम करून निवृत्त झालेले, एका दुपारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बादलीभर पाणी आण आणि काचेच्या पायथ्याशी ओत.” पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे, या गाडीला हवा आत घेण्यासाठी जाळीदार फटी असतात. पावसाचं पाणी तिथून आतल्या पन्हळीत जातं आणि दोन्ही बाजूंनी चाकांमागून बाहेर पडावं अशी सोय. त्या पन्हळीत हवेच्या भोकाभोवती पत्र्याची उभी कड असते, उंबऱ्यासारखी. पानं-पाचोळा साचला की पन्हळ ओली राहते आणि आधी तो उंबरा सडतो. मी पाणी ओतलं, मुलगी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन वाकली होती. क्षणभर काहीच नाही. मग टप्‌. मग टपटप. मग तिचा आवाज, “बाबा, इथे आत पाऊस पडतोय!”

हे ऐकून मला आमच्या कौलांची आठवण झाली. कौल फुटतं एकीकडे, पाणी वाशावरून धावत जातं आणि गळतं भलतीकडेच. अण्णा खालचा थेंब बघून कधीच वरचं कौल बदलत नसत. आधी पोटमाळ्यावर चढून वाशावरची ओल बोटाने चाचपत मागे मागे जात. थेंब पडतो तिथे फक्त भांडं ठेवायचं, असं म्हणायचे.

आणि मीठ. ते राहिलंच सांगायचं. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि त्याचं मीठ दगड होऊन खाली राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते खणून काढतात, आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तेच रस्त्यांवर टाकतात. मिठाचं पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण तेच पाणी पत्र्याच्या सांध्यांत शिरतं आणि तिथे एक बारकीशी बॅटरी सुरू होते. लोखंडाचा एक भाग झिजायला लागतो, दुसरा तगतो, आणि मधलं खारं पाणी वीज वाहून नेतं. साध्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने. शिवाय गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवलेले असतात तिथे तो आतून फुगतो आणि सांधा उसवतो. हा पत्रा ज्या आवारात बनला त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, जमिनीखाली, त्याला खाणारं मीठ आधीपासूनच होतं. मी समुद्रापासून इतका लांब येऊन राहिलो असं मला वाटायचं. समुद्र पायाखालीच निघाला.

गुहागरला हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमचं घर खालच्या पाटात. मागची बाग ओलांडली की सुरूची झाडं आणि समुद्र. तिथे खिळा ठोकला की दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या खालच्या भिंतीवर तांबडा ओघळ आलाच. सायकलची साखळी, कडी-कोयंडा, शिवणयंत्राचं चाक, काहीही सुटत नाही. आजी विळी वापरून झाली की धुऊन, पुसून, पात्यावर खोबरेलाचं बोट फिरवायची. एकच बोट, खालून वर, नखाशी धार लागू न देता. त्या विळीचं पातं पन्नास वर्षांत झिजून चंद्रकोरीसारखं झालं होतं, पण गंजलेलं मी कधी बघितलं नाही.

खिडक्यांचे गज अण्णांच्या वाट्याला. वैशाखात, मिरगाच्या आधी, ते सगळे गज रंगवायचे. जो रंग असेल तो. एका वर्षी हिरवा, एका वर्षी शाळेच्या बाकांचा उरलेला तपकिरी, कधी होडीवाल्याने दिलेला निळा. डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचं, वर आलेली साय काडीने बाजूला करायची, थोडं घासलेट ओतून ढवळायचं. पोस्टाच्या पगारात प्रायमर बसत नव्हता. खरवडणं हेही आठवड्याचं काम, आणि रजा दोन दिवसांची. ते फडक्याने धूळ पुसायचे आणि हात मारायचे.

आठ वर्षांपूर्वी मी सुट्टीत गेलो तेव्हा मला हे खटकलं. तोवर मी व्हिडिओ बघून बघून शहाणा झालो होतो, गाडी घ्यायच्या आधीची गोष्ट. इथून जाताना सामानात तारेचा ब्रश नेला होता, चिपळूणहून रेड ऑक्साइड आणला. म्हटलं, “अण्णा, गंजावर रंग म्हणजे जखमेवर नुसती पट्टी. चांगलं लोखंड लागेपर्यंत खरवडायला हवं.” ते काही बोलले नाहीत. माजघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातला गज घेतला आणि घासायला लागलो. निळा गेला, तपकिरी गेला, हिरवा गेला, त्याखाली अजून एक हिरवा, मग लाल पापुद्रे, पानासारखे सुटे होणारे. ते निघतच राहिले. चौकटीत शिरतो त्या जागी गज आधी बोटाएवढा होता, मग पेन्सिलीएवढा झाला, मग ब्रश जरा जोरात बसला आणि तो माझ्या हातात आला.

चांगलं लोखंड तिथे नव्हतंच. त्याला उभं धरून ठेवलं होतं ते रंगाने. वीस-पंचवीस थर रंगाने.

अण्णांनी तुटका गज माझ्या हातातून घेतला, दोन्ही टोकं बघितली, परत जागेवर उभा केला आणि सुतळीने शेजारच्या आडव्या पट्टीला बांधला. “पाऊस झाला की बघू,” एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानंतर मी दुसऱ्या गजाला हात लावला नाही, पण चूक माझी होती असंही तेव्हा म्हणालो नाही. इथे परत आल्यावर बायकोला सांगितली ती गोष्ट अशी, की अण्णांनी इतकी वर्षं नीट काळजी घेतली नाही म्हणून गज तुटला. हे वाक्य माझंच आहे. ते आज लिहिताना हात अडखळतो.

शेजारचे आजोबा मला तेच सांगायचे, जे मी अण्णांना सांगितलं होतं. चांगला पत्रा लागेपर्यंत काप. त्यांचं बरोबरच आहे. वेल्डिंगला दुसरा इलाज नाही, पातळ गंजक्या पत्र्यावर टाका धरत नाही, जळून भोक पडतं, ते बुजवायला जावं तर शेजारी दुसरं पडतं. माझा पहिला महिना असाच गेला. गाडीचा तळ म्हणजे मिलिमीटरच्या आतबाहेरचा पत्रा. वायर ०.६ मिलिमीटरची, गॅस आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचा, आणि तरीही सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा समोरच्या कडेला. मध्ये हात लावून बघायचं, पत्रा कोमट झाला की मग पुढचा. हे न ऐकता मी एकदा चार बोटं सलग ओढली, तर पत्रा ताणून असा फुगला की दाबला की टक्‌ आणि सोडला की टक्‌, रिकाम्या तेलाच्या डब्याच्या तळासारखा. तो अख्खा तुकडा कापून परत केला. कापायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे दांडे बसवावे लागतात, कारण या गाडीला वेगळी चॅसी नाही, अंगच तिचा सांगाडा आहे. तळ कापला आणि ती वाकली तर दारं पुन्हा लागायची नाहीत. पेट्रोलची टाकी तर सगळ्यांत आधी काढली. डिकीची जमीन म्हणून जी दिसते ती टाकीचीच पाठ असते, हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

दोन हिवाळे गेले. पहिल्यात वरची पन्हळ. तिचे स्पॉट वेल्ड एकेक शोधून ड्रिल करताना किती झाले ते मोजायचं सोडून दिलं. आता दुसऱ्यात तळ. गॅरेजमधून आत गेलो की बायको दारातच म्हणते, “आधी आंघोळ, मग चहा.” जळक्या डांबराचा वास केसांत बसतो. नाक शिंकरलं तर काळं येतं, मास्क लावूनसुद्धा. आणि तरीही आठवडाभर मी शनिवारची वाट बघतो. ग्राइंडर फिरवून गंजाखालून पहिल्यांदा पांढराशुभ्र पत्रा चमकतो ना, त्या क्षणी आतून काहीतरी सैल होतं. त्याला नाव नाही देता येत मला.

पाटी फेकून दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापायच्या रेघा आखायला बसलो. गिअरच्या बोगद्याच्या बाजूला पत्रा शाबूत होता, आणि तिथे त्या जुन्या डांबराची एक पट्टी उरली होती. टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसलं. डांबर पसरणाऱ्याने ते बोटाने पसरलं होतं. रिवेटांच्या रेषेलगत, फट राहू नये म्हणून दाबत दाबत नेलेलं बोट. काळ्या डांबरात त्या बोटाच्या रेषा जशाच्या तशा घट्ट झाल्या होत्या, भोवऱ्यासकट. मधे एका जागी बोट उचलून परत टेकवलेलं होतं. माझं बोट त्या खळग्यावर ठेवलं तर ते बसलं, त्याचं जरा रुंद होतं.

ती निळी पाटी १९८३च्या आधीची असू शकत नाही, तेव्हापासून मिशिगनने तो निळा रंग घेतला. म्हणजे हे काम झालं तेव्हा गाडी किमान सोळा वर्षांची असणार. तेव्हा हिला कुणी क्लासिक म्हणत नव्हतं. जुनी, खाणारी, स्वस्तातली गाडी. त्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या कारखान्यांतून किती माणसं घरी बसली, ते जुने लोक अजून सांगतात. तो माणूस त्यातला होता की नाही ते मला कधीच कळायचं नाही. पण पायाखालून रस्ता दिसत होता, बर्फाचा चिखल आत उडत होता, वेल्डिंगचं यंत्र नव्हतं, आणि घरात एक जुनी नंबरप्लेट होती. त्याने चौदा खुणा सारख्या अंतरावर केल्या. तसं त्याने केलं नसतं तर ही गाडी त्याच हिवाळ्यात भंगारात जाऊन ठोकळा झाली असती, आणि कोठारात मला काही सापडलं नसतं. त्या पाटीमुळे भोक मोठं झालं हेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे, आणि ते माझ्या डोक्यात एका जागी नीट बसत नाही.

कापायची रेघ मी दोन बोटं अलीकडे घेतली. तिथेही पत्रा चांगला होता, मी तीनदा ठोकून बघितलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, सरळ रेघ सोडून हे वळण कशाला? मी डांबर दाखवलं. ते गुडघ्यावर वाकले, चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तिथे टाका मारताना ओलं फडकं धर. नाहीतर वितळेल.” वेल्डिंग करताना त्यांनी स्वतः ते फडकं धरलं. तरी टोकाचा थोडा भाग वितळलाच. भोवरा राहिला.

एप्रिलच्या शेवटी तळ पूर्ण झाला. सांध्यांवर सीलर लावायचं असतं, राखाडी, मधापेक्षा घट्ट. ब्रशने लावून झाल्यावर ते कोपऱ्यांत दाबून बसवायला बोटच लागतं. हातमोजा सारखा चिकटून सीलर ओढत होता, म्हणून काढला. वरून रंगाचे दोन थर दिले. मग पुन्हा बादली. मुलगी पुन्हा डॅशबोर्डखाली. मी ओततोय, ती काही बोलत नाही. पूर्ण बादली संपली, दोन्ही चाकांमागून पाण्याच्या धारा गॅरेजच्या उतारावरून रस्त्याकडे निघाल्या, तेव्हा आतून म्हणाली, “बाबा, कोरडं आहे.” आणि मग, “अजून एक बादली ओत ना.”

त्या रात्री अण्णांना फोन केला. पाटीचं सांगितलं, ती फेकल्याचंही. गजाचंही बोललो, आठ वर्षांनी. म्हटलं, तो मी तोडला, अण्णा. ते म्हणाले, “अरे, तो सुतळीवर मस्त उभा आहे. दर वर्षी त्यालाही हात मारतो, सुतळीसकट.” मग पलीकडे कुणीतरी नारळ सोलत असल्याचा आवाज येत राहिला. जरा वेळाने त्यांनी विचारलं, “तळाला रंगाचे किती थर दिलेस?”

“दोन.”

“तिसरा दे,” म्हणाले. “मीठ आहे ना तुमच्याकडे. मिठाला दोन पुरत नाहीत.”

रविवारी तिसरा दिला.